दुकानाचा हिशेब क्लाउडवर ठेवावा का, आणि ही सोय मुळात आली कोठून?

प्रश्न : कापड व्यापारी, गांधीबाग

नमस्कार. गांधीबागेत आमचे कापडाचे घाऊक दुकान आहे. साठा, बिले आणि उधारी यांच्या सर्व नोंदी पोटमाळ्यावरच्या एका संगणकात आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की त्या खोलीत माणसालाही बसवत नाही. कूलर लावावा तर त्याची दमट हवा आणि कापडाची तूस दोन्ही यंत्रात शिरतात, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर जेमतेम हातातले बिल पूर्ण होते. पुतण्या म्हणतो, ‘काका, सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या संगणकांवर, टाकू या.’ माझी हरकत नाही; परंतु ज्याच्या भरवशावर उधारीच्या नोंदी सोपवायच्या, ते तंत्र कोठून आले आणि दहा वर्षांनी मोडीत निघणारे तर नाही ना, हे कळल्याशिवाय होकार देववत नाही. शिवाय त्यामुळे सामान्य माणसाच्या व्यवहारात नेमके काय बदलले, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : संगणकशास्त्राचा शिक्षक, धरमपेठ

काका, आपण मुळापासून विचारलेत हे फार चांगले केलेत. ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. १९५०च्या दशकात मोठा संगणक एका वेळी एकाचेच काम करी. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालासाठी तासन्‌तास थांबायचे, अशी रीत होती. यंत्र अतोनात महाग, आणि माणसे मात्र ताटकळत बसलेली. यावर उपाय म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली चालवून दाखवली. प्रोसेसर प्रत्येकाच्या कामाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे इतक्या वेगाने वळे की, समोर बसलेल्याला संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे वाटे. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीच्या शताब्दीनिमित्त केलेल्या भाषणात, टेलिफोन सेवेप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून पुरवले जाईल, असा विचार मांडला होता.

मग एवढा उशीर का झाला? दूरवरचे यंत्र वापरायचे तर वेगवान आणि स्वस्त जोडणी हवी, आणि तीच नव्हती. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ रोजी. पुढे १९८०च्या दशकात घरगुती संगणक स्वस्त झाले, त्यामुळे जो तो स्वतःचे यंत्र घेऊ लागला आणि भाड्याच्या संगणनाची चर्चा मागे पडली. दरम्यान एक महत्त्वाचे तंत्र मात्र शांतपणे विकसित होत होते. एका खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी यंत्रे उभी करायची, प्रत्येकाची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) वेगळी, आणि एकाला दुसऱ्याच्या आत डोकावता येणार नाही अशी व्यवस्था. आयबीएमने १९७२ साली ते आपल्या मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणले, आणि १९९९ साली व्हीएमवेअर या कंपनीने ते साध्या इंटेल संगणकांवर आणले. या विभागणीशिवाय हजारो अनोळखी गिऱ्हाइकांना एकाच इमारतीतील यंत्रे भाड्याने देणे शक्यच झाले नसते.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये संगणकीय माहितीच्या साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये आभासी संगणकांची सेवा सुरू केली. दर होता साठवणुकीला एका गिगाबाइटला महिन्याला १५ सेंट आणि लहान आभासी संगणकाला तासाला १० सेंट. सणासुदीनंतर रिकामी पडलेली यंत्रे ॲमेझॉनने भाड्याने दिली, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. परंतु कंपनीचे मुख्य तंत्र अधिकारी वर्नर वोगल्स यांनीच ती खोटी असल्याचे स्पष्ट केले आहे. माझ्या मते खरी क्रांती यंत्रापेक्षा या दरपत्रकात होती. करारमदार नाही, अनामत रक्कम नाही, वापराल तेवढ्या तासांचे पैसे! दोन-तीन मुलांच्या नव्या कंपनीलाही मोठ्या कंपनीच्या तोडीची यंत्रे हाताशी आली. त्यामुळे एखादी विशिष्ट कंपनी उद्या असेल-नसेल, पण ही पद्धत मोडीत निघेल असे मला वाटत नाही.

उत्तर २ : गृहिणी, प्रतापनगर

रोजच्या व्यवहारापुरते सांगते. माझ्या मुलीचा फोन गेल्या वर्षी बसमध्ये हरवला. नव्या फोनवर तिने खाते उघडले आणि संध्याकाळपर्यंत सगळे फोटो आणि संपर्क परत आले. प्रवेशाच्या वेळी तिची गुणपत्रिका डिजिलॉकरमधून काढली. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी सेवेत गुणपत्रिका देणाऱ्या मंडळाच्याच नोंदीतून ती येते, त्यामुळे साक्षांकित प्रतींसाठी धावपळ करावी लागली नाही. भाऊ, तुम्हीही जीएसटीचे विवरणपत्र दूरच्या यंत्रावरच भरता. म्हणजे तुमचा निम्मा हिशेब आधीच दुकानाबाहेर गेलेला आहे.

मूळ प्रश्नकर्ता : कापड व्यापारी, गांधीबाग

दोघांचेही मनापासून आभार. आता एकच शंका उरते. यंत्र जर कोणाच्या तरी इमारतीतच आहे, तर तेथे आग लागली किंवा चूक झाली, तर माझ्या नोंदींचे काय?

उत्तर ३ : व्यापाऱ्यांची संगणकीय कामे पाहणारा, सीताबर्डी

आपली शंका अगदी रास्त आहे, कारण दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीची डेटा सेंटरची, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रांची, एक इमारत जळून खाक झाली, आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा अनेक ग्राहकांच्या नोंदी कायमच्या गेल्या. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात एका कर्मचाऱ्याने आज्ञा चुकीची टंकली आणि असंख्य संकेतस्थळे काही तास बंद राहिली. तरीही पोटमाळ्यावरच्या एकाच हार्डडिस्कपेक्षा मी क्लाउडलाच पसंती देईन, मात्र एकट्या क्लाउडला नव्हे.

सेवा विकणाऱ्याला आधी हे विचारा की, माझ्या नोंदींच्या प्रती एकाच शहरात राहतात की दोन वेगळ्या शहरांत. मोठ्या कंपन्यांची केंद्रे आता मुंबईत आहेत, ॲमेझॉनचे २०१६पासून. त्यामुळे नोंदी देशातच ठेवणे अवघड नाही. इंटरनेट बंद पडल्यास बिल निघेल का, हेही विचारा. गांधीबागेत लग्नसराईच्या गर्दीत दोन तास बिले थांबणे परवडणारे नाही. खाते पुतण्याच्या नव्हे, तर आपल्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडा आणि पासवर्डसोबत ओटीपीची अटही लावून घ्या. दर शनिवारी दुकान वाढवताना सर्व नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती घरी न्या.

आणि पैसे भरण्यापूर्वी चाचणीच्या खात्यातून उधारीची संपूर्ण खतावणी एक्सेलमध्ये उतरवून ती दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा. पार्टीचे नाव, बिलाची तारीख आणि येणे बाकी हे तिन्ही रकाने शाबूत दिसले, तरच होकार द्या.