मदत हवी आहे: पैसे भरलेत तरी भाड्याची आरओ मशिनं लॉक होतात

शुद्धजल_हडपसर
हडपसर, मांजरी, वाघोली मिळून १४० आरओ भाड्याने दिलेत. महिना ३९९, त्यात ३०० लिटर, पुढे लिटरप्रमाणे. वसुली यूपीआय ऑटोपेने. पैसे भरलेली मुदत संपली की मशीनमधला बोर्ड पाणी बंद करतो. पैसे जमा झालेत, डॅशबोर्डवर ग्राहक 'चालू' दिसतो, पण घरी मशीनवर लाल दिवा आणि पाणी बंद. माणूस जाऊन बंद-चालू करतो, कधी सुरू होतं, कधी नाही. या आठवड्यात २३ तक्रारी आल्या. सर्व्हर बदलू का? एमक्यूटीटी (सर्व्हर आणि मशीनमध्ये संदेश नेणारी पद्धत) सोडून दुसरं काही घेऊ का? लवकर सांगा, लोक मशीन काढून न्या म्हणताहेत.

बोर्डवाचक
सर्व्हर बदलण्याआधी एवढं सांगा: बोर्ड कोणता, वायफाय की सिम, लॉक म्हणजे नेमकं काय तोडता (पंप की एसव्ही, म्हणजे पाणी अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह), आणि मुदत संपली हे ठरवतं कोण, सर्व्हर की मशीन?

मँडेट_मास्तर
आधी ऑटोपे तपासा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. १ ऑगस्ट २०२५ पासून एका वसुलीला एक प्रयत्न आणि वर तीन फेरप्रयत्न, तेही सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ ही गर्दीची वेळ सोडून. पहिला प्रयत्न फसला तर यश यायला उशीर होतो आणि मधल्या काळात तुमची मुदत संपते. देय तारखेनंतर ७२ तास सवलत ठेवा.

शुद्धजल_हडपसर
पैसे जमा आहेत हे पहिल्याच ओळीत लिहिलंय! प्रश्न वसुलीचा नाही.
@बोर्डवाचक ईएसपी३२ (वायफाय असलेली कंट्रोलर चिप), ग्राहकाचंच वायफाय. रिले एसव्हीची २४ व्होल्टची लाइन तोडतो. मुदत बोर्डमध्ये साठवलेली आहे, पैसे आले की सर्व्हर नवी मुदत पाठवतो.

चारजी
ग्राहकाच्या वायफायवर भाड्याचा धंदा करूच नये. पासवर्ड बदलला, राउटर बदलला की मशीन गेलं. ४जी कॅट-१ मोड्यूल आणि १३ अंकी एमटूएम (यंत्रांसाठीचं) सिम टाका. २जी मोड्यूल स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, जिओचं २जी नाहीच.

पंपशेठ
१४० घरांतले बोर्ड बदलायचे आणि वर दरमहा सिमचा खर्च, ३९९ मध्ये? मेंब्रेन, स्पन आणि कार्बन फिल्टर, माणसाची फेरी हे सगळं त्यातूनच निघायचंय. वायफायवर नीट चालतं, फर्मवेअर (बोर्डमधला प्रोग्राम) नीट लिहिलं तर.

हिशेबनीस
अनामत घेत असाल तर त्यावर जीएसटी लावू नका. परत करायची अनामत हा पुरवठ्याचा मोबदला नव्हे. ती थकलेल्या भाड्यात वळती केली, तर त्या दिवशी तेवढ्या रकमेवर कर लागतो. भाडं ही सेवा आहे, वस्तूची विक्री नाही. बिलावर तसंच लिहा.

शुद्धजल_हडपसर
अनामतीचं नंतर बघू. आत्ता पाणी बंद आहे लोकांचं.

बोर्डवाचक
२३ तक्रारी कोणत्या वारी, किती वाजता आल्या?

शुद्धजल_हडपसर
त्याने काय फरक पडतो? बरं, काढलं. १९ गुरुवारी संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ. ४ इतर दिवशी.

बोर्डवाचक
सगळा फरक त्यानेच पडतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. वीज आली की मशीन आणि राउटर एकाच क्षणी उठतात. ईएसपी३२ दोन-तीन सेकंदांत तयार, राउटरला नेट यायला दोन-तीन मिनिटं. बोर्डवर घड्याळाची बॅटरी नसेल तर वीज गेली की वेळ पुसली जाते. एक बोर्ड लॅपटॉपला लावा, राउटर बंद ठेवून चालू करा आणि सीरियल मॉनिटरवर काय तारीख येते ते इथे टाका. मुदत तपासायची अटही टाका.

शुद्धजल_हडपसर
०१-०१-१९७० ०५:३०:०७ येतंय. अट अशी आहे: आत्ताची वेळ सुरुवातीच्या तारखेनंतर आणि शेवटच्या तारखेआधी असेल तर एसव्ही चालू, नाहीतर लॉक. इंटरनेट वेळ तीनदा मागतो, पाच-पाच सेकंदांनी, मग सोडून देतो.

बोर्डवाचक
सापडलं. १९७० हे सुरुवातीच्या तारखेच्या आधी पडतं, म्हणून 'नाहीतर' लागू होतं. तुमचा माणूस जाऊन बंद-चालू करतो तेव्हा राउटरवर नेट आलेलं असलं तर वेळ मिळते आणि मशीन चालतं, नसलं तर पुन्हा लॉक. दुसरंही बघा: एमक्यूटीटी टीएलएसवरून (सुरक्षित जोडणीवरून) जात असेल आणि प्रमाणपत्राची तारीख तपासणं चालू असेल, तर १९७० मध्ये ते प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' ठरतं आणि जोडणीच होत नाही. मग नवी मुदत पोहोचणार कशी?

सर्व्हर बदलू नका. फर्मवेअरमध्ये हे करा. दर तासाला चालू वेळ फ्लॅशमध्ये लिहा. वर्षाला ८,७६० लेखनं होतात, फ्लॅशला काही होत नाही. उठल्यावर वेळ मिळाली नाही तर ती साठवलेली वेळ धरून पुढे मोजा. इंटरनेट वेळ मागणं तीन प्रयत्नांवर थांबवू नका, दर ३० सेकंदांनी चालू ठेवा. आणि वेळ खात्रीची नसताना नव्याने लॉक कधीच नाही, मुदत संपून आधीच लॉक झालेलं मात्र लॉकच ठेवा. साठवलेल्या वेळेवर चालणारं मशीन थोडं मागे राहील, ग्राहकाला एखादा दिवस जास्त मिळेल, मिळू द्या. नेट आलं की हिशेब जुळतो.

चारजी
एवढं सगळं करण्यापेक्षा डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आणि एक सीआर२०३२ सेल. वर्षाला साधारण मिनिटभराचाच फरक पडतो.

बोर्डवाचक
पुढच्या खेपेच्या बोर्डांत जरूर टाका. पण १४० मशिनं उघडून सोल्डरिंग करण्याइतका हा दोष मोठा नाही. सेल संपला की तिथेही चुकीची वेळ येणार, म्हणजे अट बदलावी लागणारच.

पंपशेठ
+१. आणखी एक: नवी मुदत मशीन बंद असताना पाठवली आणि क्यूओएस ० (पोहोच न तपासता एकदाच पाठवणं) असेल तर ती हवेत जाते. प्रत्येक मशीनच्या टॉपिकवर (संदेशांच्या पत्त्यावर) सध्याची मुदत रिटेन करून, म्हणजे सर्व्हरवर राखून ठेवा. मशीन जोडलं गेलं की पहिला संदेश तोच मिळेल. मशीनने 'मुदत अमुक तारखेपर्यंत लागू केली' असं उलट कळवल्याशिवाय डॅशबोर्डवर 'चालू' दाखवू नका. आत्ता तुमचा डॅशबोर्ड पैसे आले एवढंच सांगतोय.

शुद्धजल_हडपसर
हे खरंय, पैसे आल्यावर लगेच हिरवं होतं. उरलेल्या ४ तक्रारींचं काय?

चारजी
राउटर. ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो. नव्या राउटरवर २.४ आणि ५ ला एकच नाव असतं, कधीकधी वायफायची सुरक्षा फक्त नव्या डब्ल्यूपीए३ वर असते. गेस्ट नेटवर्क २.४ वर, डब्ल्यूपीए२ ठेवून वेगळं काढा. त्या चारही घरांत राउटर नुकताच बदललाय का, विचारा.

नळ_ते_ग्लास
विषय थोडा वेगळा, पण ३०० लिटर मोजता कशाने आणि सेन्सर कुठे आहे?

शुद्धजल_हडपसर
वायएफ-एस२०१, मेंब्रेन आणि टाकीच्या मध्ये. का?

नळ_ते_ग्लास
म्हणजे बिलंही चुकीची जाताहेत. ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन) मेंब्रेन दिवसाला २८४ लिटर देतं, म्हणजे मिनिटाला साधारण २०० मिली. तो सेन्सर मिनिटाला १ लिटरच्या खाली विश्वासाचा नाही. एवढ्या बारीक धारेत चक्र अडखळतं किंवा फिरतच नाही. १४० पैकी ३०० च्या वर बिल किती जणांना जातं?

शुद्धजल_हडपसर
दोघांना. मला वाटायचं लोक काटकसरीने वापरतात.

पंपशेठ
पंप किती मिनिटं चालला त्यावरून लिटर काढा. सेन्सरच नको.

नळ_ते_ग्लास
ते हंगामाप्रमाणे हलतं. डिसेंबरात पाणी थंड झालं की त्याच मेंब्रेनमधून धार कमी येते. वाघोलीत टँकरचं पाणी असेल तर टीडीएस (विरघळलेले क्षार) आठवड्याला बदलतो, मेंब्रेन लवकर चोंदतं, आणि पंप जास्त वेळ चालला म्हणून ग्राहकाला न प्यायलेल्या पाण्याचं बिल जातं. वायएफ-एस४०१ घ्या, मिनिटाला ०.३ ते ६ लिटर, टाकी आणि नळाच्या मध्ये लावा. लिटरला ५,८८० पल्स (सेन्सरचे ठोके) हे कागदावरचं. प्रत्येक मशीनवर लिटरच्या मापात तीनदा पाणी भरून स्वतःचा आकडा काढा. टाकी भरलेली असताना एकदा आणि तळाशी आलेली असताना एकदा, कारण धार बदलते. त्या सेन्सरचं भोक बारीक आहे, नळ थोडा हळू होईल. ग्राहकाला आधीच सांगा.

मँडेट_मास्तर
मोजमाप दुरुस्त झाल्यावर बिलं वाढतील. मँडेटची (ग्राहकाने ऑटोपेला दिलेल्या मंजुरीची) कमाल रक्कम ३९९ च ठेवली असेल तर जास्तीची वसुली नाकारली जाईल. नवी मँडेट घेताना कमाल ६०० ठेवा.

शुद्धजल_हडपसर
३९९ च आहे. पुढच्या महिन्यापासून बदलतो.
पाच मशिनांवर नवं फर्मवेअर टाकलं. राउटर बंद ठेवून प्लग काढून लावला, पाचही ठिकाणी पाणी चालू. त्या चार घरांपैकी तिघांनी राउटर बदललाय. जी मशिनं आत्ता ऑफलाइन आहेत त्यांना अपडेट कसं पोहोचवू?

बोर्डवाचक
माणसाच्या फोनवर ग्राहकाच्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड देऊन हॉटस्पॉट काढा, २.४ वर. मशीन आपोआप जोडलं जाईल. राउटर बदललेल्या घरांत जुनं नाव लागेल, कारण बोर्डात तेच साठवलंय. आणि गुरुवारआधी एक चाचणी बाकी आहे: मुदत खरंच संपलेल्या मशीनचा प्लग काढून लावा. ते लॉकच राहिलं पाहिजे.

शुद्धजल_हडपसर
लावलं. लॉकच राहिलं. बाकीची १३५ बुधवारी रात्रीपर्यंत.