मदत हवी आहे: स्क्वाड्रन गुणिले १८ केलं तरी हवाई दलाच्या विमानांचा हिशेब जुळत नाही

नभांगण:
भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांचा तक्ता करतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि २९ स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) उरल्या. मंजूर आहेत ४२. एका स्क्वाड्रनला १८ विमानं धरली. सुखोई-३० एमकेआयच्या १३ स्क्वाड्रन, म्हणजे २३४ विमानं व्हायला हवीत. पण घेतली होती २७२. मधली ३८ कुठे गेली? तेजसच्या स्क्वाड्रन दोन, मागवलेली विमानं मात्र ४०. तिथेही ३६ चा मेळ बसत नाही.
दुसरी अडचण क्षमतेच्या रकान्याची. राफेलचा बाहेरचा कमाल भार ९.५ टन, सुखोईचा ८ टन. म्हणजे राफेल जास्त बॉम्ब नेतं, असं लिहिलं तर चालेल का?

ओव्हरहॉल:
आधी २९ ची फोड करून घ्या: सुखोई १३, जग्वार ६, मिराज २००० च्या ३, मिग-२९ च्या ३, राफेल २, तेजस २.
१८ हा आकडा स्क्वाड्रनच्या दारात उभ्या असलेल्या विमानांचा आहे, एकूण खरेदीचा नाही. ठोकताळा असा की १६ लढाऊ आणि २ दुआसनी प्रशिक्षक. सुखोई सगळीच दुआसनी असल्याने तिथे ही विभागणी लागूच होत नाही.
तुमची ३८ तीन ठिकाणी विखुरलेली आहेत. डझनभर अपघातांत गेली; डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १३,५०० कोटींना आणखी १२ मागवली ती याच भरपाईसाठी. काही विमानं ग्वाल्हेरच्या डावपेच प्रशिक्षण संस्थेकडे आणि बंगळुरूच्या चाचणी केंद्राकडे असतात, ती कुठल्याच स्क्वाड्रनमध्ये मोजली जात नाहीत. बाकीची ओव्हरहॉलमध्ये. सुखोई ठरावीक उड्डाणतासांनंतर नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात जातं, पूर्ण सोडवलं जातं आणि महिनोन् महिने परत येत नाही. म्हणून खरेदी करतानाच जास्तीची विमानं धरावी लागतात.
राफेल नेमकं इथे अडतं. ३६ घेतली (२८ एकासनी, ८ दुआसनी) आणि अंबाला व हाशिमारा अशा दोन स्क्वाड्रनना वाटली. राखीव शून्य. एक जरी मोठ्या दुरुस्तीला गेलं तरी भोक थेट स्क्वाड्रनला पडतं.
तेजसच्या ४० मध्ये ३२ एकासनी आणि ८ दुआसनी, म्हणजे स्क्वाड्रनमागे १६ अधिक ४. तिथे १८ लावायचेच नाहीत.

वजनकाटा:
भाराबद्दल. तसं लिहू नका, चुकेल.
राफेलच्या ९.५ टनांत बाहेरच्या इंधनटाक्याही मोजलेल्या असतात. मोठी टाकी २,००० लिटरची, इंधनाचं वजन साधारण १.६ टन. लांब पल्ल्याला अशा तीन लावल्या की ४.८ टन तिथेच संपले, शस्त्रांना निम्म्याहून कमी उरलं. सुखोई बाहेर टाक्या लावत नाही. त्याचं साडेनऊ टनांच्या आसपासचं इंधन पोटातच मावतं, त्यामुळे त्याचे ८ टन शस्त्रांचेच.
पण तिथेही एक मेख आहे. हवेतून सोडायचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र अडीच टनांचं. पोटाखाली एकच बसतं, तेही सांगाडा मजबूत केलेल्या विमानांवरच. 'सुखोई = ब्रह्मोस' असं सरसकट लिहिणारे तक्ते बिनदिक्कत बाजूला ठेवा.
कमाल भार आणि कमाल पल्ला एकाच उड्डाणात मिळत नाहीत. दोन्ही शेजारी छापले की वाचणारा मनातल्या मनात त्यांची बेरीज करतो. तक्त्यात 'टाक्यांसह' आणि 'टाक्यांविना' असे दोन रकाने करा.

नभांगण:
हे कामाचं आहे. मग हवेत इंधन भरणारी विमानं धरून पल्ला वाढवून लिहू का?

वजनकाटा:
लिहा, पण आग्र्याची इल्युशिन-७८ फक्त सहा आहेत हे सोबत लिहा. त्यांची पद्धत नळी आणि फनेलची. घेणाऱ्या विमानाला पुढे त्या फनेलमध्ये घुसवायचं नळकांडं हवं. एका वेळी तीन लढाऊ विमानं भरता येतात. सी-१७ या मालवाहू विमानाला मात्र ती इंधन देऊ शकत नाहीत, कारण त्याला ताठ दांड्याची पद्धत लागते. तेजसमध्येही फरक करा: पहिल्या २० च्या तुकडीला हे नळकांडं नाही, पुढच्या तुकडीला आहे.

ओव्हरहॉल:
इंजिनांसाठीही एक रकाना ठेवा, लोक तो विसरतात. सुखोईला दोन इंजिनं लागतात, म्हणजे अपघात वजा जाता उरलेल्या सुमारे २६० विमानांना ५२०. सप्टेंबर २०२४ मध्ये २६,००० कोटींना २४० इंजिनं मागवली आहेत. वर्षाला ३० येणार, कोरापुटच्या कारखान्यातून. म्हणजे ताफ्याच्या निम्म्यालाही एक जोडी पुरत नाही.
जग्वारचं दुखणं वेगळं. हे विमान आता भारताशिवाय कुणीच वापरत नाही, त्यामुळे सुटे भाग इतरांच्या निवृत्त विमानांतून काढावे लागतात. नवं इंजिन बसवण्याचा बेत २०१९ मध्ये बारगळला, पण नवं रडार आणि उपकरणं चढल्याने काही विमानांचं वजन वाढलं. उन्हाळ्यात, तापलेल्या धावपट्टीवर ते जाणवतं.
अवांतर: विमानं निवृत्त झाली म्हणून 'स्क्वाड्रन रद्द' लिहू नका. तिचा क्रमांक गोठवून ठेवतात. १७ क्रमांकाची स्क्वाड्रन मिग-२१ उडवायची. २०१९ मध्ये तोच क्रमांक राफेलसाठी पुन्हा उभा केला.

नभांगण:
आणि तेजसची सुधारित आवृत्ती मार्क-१ए? दोन करारांत मागवलेली ८३ अधिक ९७, म्हणजे १८०. भागिले १८, दहा स्क्वाड्रन?

ओव्हरहॉल:
'मागवलेली' म्हणून वेगळ्या रकान्यात टाका, २९ मध्ये मिसळू नका. आणि १८० मधली दुआसनी व राखीव बाजूला काढल्याशिवाय १८ ने भागू नका. शिवाय पहिल्या ८३ चा करार फेब्रुवारी २०२१ चा, तरी जीई एफ-४०४ इंजिनं उशिरा येऊ लागल्याने विमानं रखडली. त्यामुळे कराराची तारीख आणि हातात मिळाल्याची तारीख, दोन्ही लिहा.