मदत हवी आहे : बडोदा म्युझियमच्या संचालकांचे कागद कुठे मिळतील?

पारिजात_७
गोएट्झ साहेबांच्या कारकिर्दीचे मूळ कागद हवेत. एका दफ्तरखान्याने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याचंच नाव सांगितलं. प्रबंधाचं प्रकरण महिनाअखेर द्यायचंय. 'गूगल करा' नको, तेवढं मलाही कळतं.

फाईलकिडा
कोण गोएट्झ? कुठल्या सालातले कागद?

पारिजात_७
हर्मान गोएट्झ हो! बडोदा म्युझियमचे संचालक. शीर्षकात लिहिलंय की.

कमाटीबाग
आमचं म्युझियम! देवमाशाचा सांगाडा पाहिलात का? आणि रविवर्म्याची चित्रं?

रेवाकाठ
रविवर्म्याचा मोठा संग्रह राजवाड्याच्या आवारात, फत्तेसिंहराव संग्रहालयात आहे. कमाटीबागेतल्या बडोदा म्युझियमची पिक्चर गॅलरी युरोपीय चित्रांची. इमारत १९१४ ला तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रं विलायतेत अडकली. गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं.

फाईलकिडा
धागा भरकटतोय. पारिजात, साल सांगा म्हणतोय ते उगाच नाही. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचं सगळं संस्थानी दफ्तर, ते वडोदऱ्यातच. नेमणुका 'आज्ञापत्रिके'त, म्हणजे संस्थानच्या राजपत्रात शोधा, वार्षिक अहवालही चाळा. नंतर म्युझियम मुंबई सरकारकडे गेलं, म्हणजे १९६० पर्यंतचा सचिवालयाचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात बघायला हवा. १९५४ ला दिल्लीत जयपूर हाउसमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट उघडली, तिथे गोएट्झ पहिले क्युरेटर. ते कागद केंद्राच्या शिक्षण खात्याचे, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधा. शिवाय युद्धकाळात जर्मन, म्हणजे शत्रुराष्ट्राचे नागरिक, तेव्हा गृह खात्याच्या पोलिटिकल फायली सोडू नका. माणसाच्या नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही, हुद्द्याने शोधा.

मोडीप्रेमी
आधी मोडी शिका. मोडीशिवाय गायकवाडी दफ्तराला हात लावू नये.

फाईलकिडा
१९४० नंतरच्या म्युझियमच्या फायलींना मोडी कशाला? गोएट्झ काय मोडीत शेरे मारत होते? इंग्रजी आणि गुजराती लागेल.

मोडीप्रेमी
तुम्ही म्युझियमपुरतं बघता. पंधरा दिवसांत येते मोडी, मी शिकवतो.

सातासमुद्रापार
गोएट्झ उतारवयात जर्मनीत हायडेलबर्गला होते, १९७६ ला तिथेच वारले. तिथल्या विद्यापीठाला मेल टाका. नावात जर्मन 'ओ'वर दोन टिंबं देऊनही शोधा.

पारिजात_७
एवढं सगळं नकोय हो. वडोदऱ्यातल्या अकोट्याला सापडलेल्या जैन ब्राँझ मूर्ती म्युझियममध्ये कशा आल्या, तेवढाच पत्रव्यवहार हवाय.

फाईलकिडा
अहो, मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं! त्या मूर्ती सापडल्या १९५१ ला, म्हणजे काळ मुंबई राज्याचा. कला-इतिहासकार उमाकांत शहांचं त्यावरचं पुस्तकही १९५९ ला मुंबई सरकारच्या पुरातत्त्व खात्यानेच काढलं. ते आधी वाचा, मग मुंबईत शिक्षण खात्याच्या १९५१ नंतरच्या फायली मागवा.

कमाटीबाग
सोमवारी म्युझियम उघडं असतं का हो?