मदत हवी आहे: फायर पॅनलवर ‘सिस्टीम फॉल्ट’ सारखा येतोय

कुपवाड_प्लांट: बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं फायर अलार्मचं पॅनल आहे. सिस्टीम फॉल्टचा पिवळा दिवा लागतो, बझर थांबत नाही. रिसेट केलं की जातो, कधी दोन तासांनी तर कधी दुसऱ्या दिवशी परत येतो. झोन (डिटेक्टरचे वेगवेगळे गट) सगळे ठीक. बॅटरी नवी आहे. सर्व्हिसवाले म्हणतात मदरबोर्ड बदला. बदलू का? आजच सांगायचंय त्यांना.

जुना_वायरमन: कन्व्हेन्शनल (फक्त झोन दाखवणारं) की ॲड्रेसेबल (नेमका डिटेक्टर दाखवणारं)? सोबत दुसरा कुठला दिवा लागतो? लाईट जाते तेव्हा येतो की अधेमधे? हे कळल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका.

लूप_दोन: अर्थ फॉल्टच असणार, म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला लागलीय. कोल्ड स्टोरेजमध्ये डिटेक्टरच्या बेसमध्ये पाणी उतरतं. मीटरची एक प्रोब पॅनलच्या बॉडीला, दुसरी आधी प्लसला, मग मायनसला लावा. जिकडे शून्याच्या जवळ दाखवेल ती बाजू बॉडीला लागलीय. मग झोनच्या वायरी एकेक काढा, आकडा हलला की झोन सापडला.

जुना_वायरमन: अर्थ फॉल्टला बऱ्याच पॅनलवर वेगळा दिवा असतो. सिस्टीम फॉल्ट म्हणजे प्रोसेसर अडखळला. प्रोसेसरवर नजर ठेवणाऱ्या वॉचडॉग सर्किटला त्याच्याकडून वेळेत पल्स मिळाली नाही की ते प्रोसेसर रिस्टार्ट करतं आणि माणूस येऊन रिसेट करेपर्यंत दिवा धरून ठेवतं. कारणं म्हणजे सप्लाय खाली बसणं, मेमरी बिघडणं, रिबन केबल सैल होणं, नाहीतर बाहेरून आलेला सर्ज (व्होल्टेजचा झटका).

लूप_दोन: सर्ज वायरिंगमधूनच येतो ना? केबलचं शील्ड (आतल्या वायरींवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलंय का ते विचारा की आधी.

मिरजकर: हळदीच्या गोदामात स्मोक डिटेक्टर लावू नका, पूड आत जाऊन खोटा अलार्म देतो. हीट डिटेक्टर घ्या.

कुपवाड_प्लांट: हळद नाही हो, बेदाणा! आठ झोन, कन्व्हेन्शनल. बहुतेक लाईट गेली की येतो, जनरेटर लागायच्या सुमारास. पॉवर फॉल्टचा दिवा तर वर्षभर लुकलुकतो, त्याचा काय संबंध म्हणून लिहिलं नाही.

जुना_वायरमन: सगळा संबंध तिथंच आहे. मॅनेजरला कळवा, हूटर आणि बाकीची आउटपुट आयसोलेट करा, काम होईपर्यंत एक माणूस फिरता ठेवा. बॅटरीची वायर काढून चार्जरच्या टोकांवर मोजा, २७.३ व्होल्टच्या आसपास हवं. मग बॅटरी जोडून मेन्स बंद करा आणि अर्ध्या तासानं दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. सिरीजमधली एक बसली तरी बेरीज बरी दिसते आणि माणूस फसतो.

अमोनियावाला: अमोनियावर चालणाऱ्या कूलिंगची मशीन रूम शेजारी असेल तर टर्मिनल बघा. अमोनिया तांबं-पितळ खातो. हिरवट थर आला असेल तर लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नवीन टाका, नुसतं घासून भागत नाही.

फॉर्म_बी: जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) परवानाधारक एजन्सीकडूनच घ्या. फॉल्ट चालू असताना सही घेऊ नका.

कुपवाड_प्लांट: चार्जर २७.४. एक बॅटरी १२.५, दुसरी १०.३. नवी एकच टाकली होती, दुसरी आधीचीच आहे.

जुना_वायरमन: जुनीचा एक सेल गेलाय. लाईट गेली की जनरेटर येईपर्यंत सप्लाय खाली बसतो, प्रोसेसर तिथंच अडखळतो. शिवाय चार्जिंगला जुनी कमी व्होल्ट घेते, उरलेले सगळे नवीवर पडतात, म्हणजे तीही फुगणार. दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या (क्षमतेच्या). चालू करताना आधी मेन्स, मग बॅटरी. नंतर तीन-चार वेळा मेन्स पाडून बघा.

तरी फॉल्ट आला तर सगळे झोन काढून पॅनलच्याच टर्मिनलवर एंड ऑफ लाइन रेझिस्टर (झोनच्या शेवटी असतो तो) लावा आणि तसंच चालवा. तेवढा वेळ डिटेक्टर बंदच समजा, माणूस हवाच. आणखी आला, तर रिबन केबल काढून नीट बसवा. त्यानंतर बोर्ड.

लूप_दोन: आणि झोन काढल्यावर नाही आला, तर शील्ड बघाच.

जुना_वायरमन: तेव्हा बघायलाच हवं, मान्य.

कुपवाड_प्लांट: बॅटऱ्या सांगलीतून मागवल्या, बोर्ड थांबवला. रेझिस्टर किती ओहमचा?

जुना_वायरमन: पॅनलप्रमाणे बदलतो. झोनच्या शेवटच्या डिटेक्टरमध्ये जो आहे त्याचे रंग बघा. पिवळा-जांभळा-लाल असेल तर ४.७ किलोओहम.