सेकंड हँड गाडीसाठी कर्ज काढावं का? घरात दोन पार्ट्या झाल्यात

कराडची_सून:
नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही म्हणून शेवटी इथे विचारतेय. ह्यांनी एक सेकंड हँड गाडी बघून ठेवलीय, 2021 चं मॉडेल, सव्वा पाच लाख सांगतायत. आमच्याकडे सव्वा लाख आहेत (त्यातले साठ हजार माझ्या भिशीचे), बाकीचे चार लाख डीलरच फायनान्स करून देतोय, म्हणतो फक्त सात टक्के मॅडम, हप्ता नऊ हजार, पाच वर्षं, कागदपत्रांचं सगळं मी बघतो. हे तासवडे एमआयडीसीत, हातात 38 हजार येतात, माझे शिवणकामाचे आठ-दहा पण ते लग्नसराईत, पावसाळ्यात मशीन नुसतं बघत बसायचं. घराचा हप्ता 11,400, तो अजून नऊ वर्षं आहे. मुलगी नववीत.

खरं सांगायचं तर गाडीवाचून काही अडलेलं नाही. ह्यांना कंपनीची बस आहे. गाव पाटणच्या पुढे, महिना दीड महिन्यातून एकदा जाणं होतं, सासरे 78 चे, त्यांना एसटी फुकट आणि त्यात ते खूश, पण सासूबाईंचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढताना मागून एकाने ढकलायचं पुढून एकाने ओढायचं असं चालतं. हे म्हणतात आईसाठी गाडी. सासरे म्हणतात कर्ज काढून शेत घ्यावं, गाडी नाही. आणि जाऊबाईंकडे गणपतीत गाडी आली तेव्हापासून हे सगळं सुरू झालंय ते मी घरात बोलले नाही, इथे बोलतेय.

काय करावं? अंथरूण बघून पाय पसरा एवढं सोडून काहीही सांगा, ते सासरे रोज सांगतात.

बँकेतला_बाब्या:
ताई, तुम्हीच दिलेले आकडे घ्या. 9,000 गुणिले 60 म्हणजे 5,40,000. चार लाखाला एक लाख चाळीस हजार व्याज. हे सात टक्के 'फ्लॅट' आहेत, डीलरने तो शब्द खाल्ला. म्हणजे काय तर तुम्ही हप्ते भरत जाल तसं मुद्दल कमी होत जाणार, पण व्याज पाचही वर्षं पूर्ण चार लाखावर लावलेलं, शेवटच्या हप्त्याला तुमचं देणं नऊ हजाराच्या आत आलेलं असतं तरी व्याज चार लाखाचंच. घटत्या शिलकेवर हिशोब केला तर हा दर साडेबारा टक्के पडतो. जुन्या गाडीचं कर्ज देताना हेच करतात, बँकेत काउंटरला बसून रोज बघतो, लोक हप्ता परवडतो का एवढंच विचारतात.

घ्यायचं ठरलंच तर त्याला की फॅक्ट स्टेटमेंट मागा, म्हणजे कर्जाचा दर, फी सगळं लिहिलेला कागद. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा सगळ्या रिटेल कर्जांना ते द्यावंच लागतं, बँक असो नाहीतर फायनान्स कंपनी, आणि त्यात एपीआर म्हणजे वर्षाचा खरा दर म्हणून जो आकडा असतो त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरलेलं असतं. तोंडी टक्क्यावर जाऊ नका.

घाटावरचा_गडी:
आणि किमतीचं पण बघा की. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 झाला, नवीन गाड्या स्वस्त झाल्या, मग जुनीचा भाव तोच कसा? नवीनची ऑन रोड किंमत शोरूमला विचारून घ्या आणि मग ह्याच्याशी बोला. आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरलाय का तेही एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. मी नाही बघितला, आठ महिने आरटीओच्या चकरा.

डोंबिवलीकर_बापू:
माझी गोष्ट ऐका. हौसेने घेतली, कर्ज काढून. पहिले सहा महिने दर रविवारी कुठेतरी, मग पेट्रोलचा हिशोब सुरू झाला, मग "या रविवारी नको". आता गाडी कव्हर घालून खाली उभी असते, पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं त्याचे साडेसात हजार गेले, म्हणजे उंदीर माझ्यापेक्षा जास्त वापरतात. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, हे नऊ हजारात नाहीये ताई, ते वेगळंच.

सोसायटीवाली_मॅडम:
सगळ्यांनी मिळून बिचारीला घाबरवू नका. मी जि.प. शाळेत आहे, आम्ही शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून गाडी घेतली, पगारातून कापून गेले, दुखलं पण कळलं नाही, आज हप्ते फिटलेत आणि गाडी दारात आहे. सासूबाई पुढच्या सीटवर बसून पाल, जोतिबा करून आल्या, ते मी कुठल्या हिशोबात धरू? फक्त माझा पगार ठरलेला आहे, तुमच्यात शिवणाचे पैसे धरून नऊ हजार निघतायत असं दिसतंय, ते मला बरं वाटत नाही. आणि जामीनदार कोण? दिरांना करणार असाल तर जावेच्या गाडीचा विषय आणखी वाढेल बरं का :)

बँकेतला_बाब्या:
@सोसायटीवाली_मॅडम शेवटच्या वाक्याला शंभर मार्क.

कराडची_सून:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. ह्यांना बाब्यादादांचा मेसेज वाचून दाखवला तर आधी म्हणाले इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं, मग स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शनिवारी डीलरकडे गेलो, ते कागद मागितले, तर म्हणतो एवढ्या खोलात कशाला जाताय मॅडम, विश्वास ठेवा. मग ह्यांचाच मूड गेला.

घरी येऊन मी कॅलेंडर काढलं, त्यात मी सगळं लिहून ठेवते, दुधासकट. वर्षभरात गल्लीतल्या दादांची गाडी नऊ वेळा सांगितली होती, डिझेल, ड्रायव्हर सगळं धरून 23,400. हप्ताच वर्षाचा 1,08,000 होतोय. सासऱ्यांनी नुसतं "हं" केलं, पण ते "हं" दोन दिवस घरात फिरतंय.

आणि गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी गाडी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. काल रात्री भाकरी करताना सासूबाई मला हळूच म्हणाल्या, गाडीचं तुमचं तुम्ही बघा, मला आधी कमोडचा संडास करून द्या, रोज सकाळी भिंतीला धरून उठते ते कुणाला दिसत नाही. मी तवा तसाच ठेवून ह्यांना बोलावलं.

गवंडी रविवारी येतोय. भिशीतले जातील, कर्ज नाही. हे मात्र अजून रात्री मोबाईलवर गाड्याच बघतायत, बघू देत.