आयटीतल्या धनाढ्यांची खूनकथा: पुरावा उदंड, मग रहस्य उरतं का?

कसबेकर:
कोरेगाव पार्कातला बंगला घ्या. फाटकावर कॅमेरा, दाराला ठशाचं कुलूप, गाडीत जीपीएस, मालकाच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ. वाड्यातल्या खुनाला निदान अंधार तरी होता. इथं तपास अधिकाऱ्यानं चार ठिकाणच्या नोंदी मागवल्या की कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात गोष्ट खलास. असलं कथानक लिहायचंच तर 1990 सालात नेऊन ठेवा.

हेमा, हडपसर:
‘नोंदी मागवल्या की’ म्हणून तुम्ही जे उरकलंत, कादंबरी तिथंच आहे. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ सर्रास पुढंमागं असतं. जप्तीच्या पंचनाम्यात खरी वेळ आणि पडद्यावरची वेळ शेजारीशेजारी लिहिली नाही, तर बचावाचा वकील मिनिटामिनिटावर भांडतो. हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि व्हिसेराचा (मृताच्या आतड्या-यकृताच्या तपासणीचा) अहवाल रेंगाळला, तर विष कळेपर्यंत त्या रात्रीचं चित्रण गेलेलं असतं. शिवाय डिजिटल पुरावा कोर्टात चालायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, सोबत हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा. आता घरातल्या यंत्रणेचा अ‍ॅडमिन पासवर्ड संशयित भागीदाराकडेच असेल तर भाग अ वर सही कोणाची घेणार?

कसबेकर:
ही कोर्टातली भानगड झाली. खुनी कोण हे वाचकाला तोवर कळलेलं असतं.

मुळशीकर:
हेतूचं काय? ‘कंपनी हडपण्यासाठी भागीदाराला संपवलं’ हे फार कच्चं आहे. मेलेल्याचे शेअर्स भागीदाराला नाही, वारसांना जातात. त्यापेक्षा ईसॉप पाहा, म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर्स ठरल्या भावात घ्यायचा मिळणारा हक्क, ऑप्शन. कंपन्यांच्या 2014 च्या भागभांडवल नियमांतला नियम 12 सांगतो की नोकरीत असताना मृत्यू आला तर तोवर दिलेले सगळे ऑप्शन वारसांना किंवा नॉमिनीला व्हेस्ट होतात, म्हणजे पक्के त्यांचे होतात. चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळायचं ते एका मृत्यूनं हातात. संशय थेट घरातल्यांवर! पण खून करणाऱ्याला हिंदू वारसा कायद्याचं कलम 25 वारसा मिळूच देत नाही. म्हणजे नुसतं न सापडून भागत नाही, मृत्यू अपघाती ठरवावाच लागतो.

हेमा, हडपसर:
हे आवडलं. त्यात हद्द घाला. हिंजवडीचं ऑफिस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, बंगला पुणे शहर पोलिसांकडे, मुळशीतलं फार्महाऊस ग्रामीणच्या पौड ठाण्याकडे. डोंगरात एकेक टॉवर कितीतरी किलोमीटर सांभाळतो. सीडीआरवरून, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवरून, माणूस धरणाच्या काठी होता की वरच्या वाडीत, ते ठरत नाही.

कसबेकर:
हेतू मान्य, यंत्रांचा पसारा नाही. पुण्यातलाच शरद सारडा खटला आठवा, बायकोच्या खुनाच्या आरोपाचा. पोटॅशियम सायनाइड, मृत विवाहितेची पत्रं, बाकी सगळा परिस्थितिजन्य पुरावा. हायकोर्टानं कायम केलेली फाशी सुप्रीम कोर्टानं 1984 मध्ये रद्द केली, आरोपी निर्दोष सुटला. एकही सेन्सर नव्हता, तरी आत्महत्या की खून यावर न्यायमूर्तींना पानंच्या पानं लिहावी लागली.

मुळशीकर:
मग तोच निकाल वापरा की. साखळीची प्रत्येक कडी पक्की हवी हे त्यातलंच सूत्र. सेन्सर वाढले म्हणजे कड्या वाढल्या. तुमच्या खुन्याला सगळे कॅमेरे फोडायची गरज नाही, एका डीव्हीआरचं घड्याळ महिनाभर आधी सात मिनिटं मागं केलं तरी पुरे.