प्राचीन रोमन-ग्रीक नाणी: सुरुवात कुठून करावी आणि फोटो कसे काढावेत?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथून जवळच सिल्चेस्टरला कालेवा आट्रेबाटुम या रोमन गावाची तटबंदी अजून उभी आहे, आणि तिथल्या उत्खननात सापडलेल्या वस्तू रेडिंगच्या संग्रहालयात बघायला मिळतात. तिथली नाणी बघून लेकीला वेड लागलंय. वय बारा. तिला स्वतःचं एक रोमन नाणं हवंय, आणि खरं सांगायचं तर मलाही हवंय. माझे सासरे सांगलीला असतात, त्यांच्याकडे शिवराई नाण्यांचा चांगला संग्रह आहे, त्यामुळे घरात नाण्यांची आवड आहेच.

बजेट सुरुवातीला शंभर पौंडांच्या आत. ऑनलाइन लिलावात '५० न साफ केलेली रोमन नाणी' असे ढीग स्वस्तात दिसतात, ते घ्यावेत का? पुढे कधीतरी अथेन्सचं घुबडवालं नाणं घ्यायचं स्वप्न आहे, त्यासाठी आतापासून काय शिकावं? फोटोंचंही सांगा. माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आणि किट लेन्स आहे. मी काढलेल्या फोटोत चांदीचं नाणं पांढरं ढब्ब दिसतं आणि तांब्याचं काळं ठिक्कर. दिवाळीत सांगलीला जाणार आहोत, तेव्हा नाणं आजोबांना दाखवायला सोबत न्यावं का?

टांकसाळ

ताई, स्वागत. ढिगाचा मोह आधी बाजूला ठेवा. त्या ढिगांतली चांगली नाणी आधीच वेचून काढलेली असतात, उरतात ती झिजलेली. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती कुठून खणून काढली याचा बहुतेक वेळा पत्ता नसतो. नाणं कोणत्या थरात, कशासोबत सापडलं हे एकदा पुसलं गेलं की इतिहासातला तेवढा भाग कायमचा जातो. मुलीला या विषयाची गोडी लावायची असेल तर पन्नास निनावी नाण्यांपेक्षा एकच, लेख वाचता येणारं आणि आधी कोणाकडे होतं ते माहीत असलेलं नाणं घ्या.

तुम्ही इंग्लंडमध्येच आहात, तर माझा सल्ला सरळ आहे: लंडनच्या टांकसाळीचं, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं ब्राँझ नाणं. लंडनमध्ये रोमन टांकसाळ इ.स. ३२५ पर्यंत चालू होती. तिची नाणी ओळखायला अवघड नाहीत. मागच्या बाजूला चित्राखाली आडवी रेघ असते, तिच्याखाली टांकसाळीची खूण. लंडनसाठी 'पीएलएन', आणि शेवटच्या काही वर्षांत 'पीएलओएन'. माझ्या आवडीचा प्रकार 'बेआता ट्रँक्विलिटास', म्हणजे 'सुखाची शांतता'. वेदीवर पृथ्वीगोल, वर तीन तारे आणि वेदीवरच 'वोटिस एक्सएक्स' हा नवसाचा लेख. जेमतेम दोन सेंटीमीटरच्या, तीन ग्रॅमच्या तुकड्यावर एवढं सगळं कोरलंय. मुलीला भिंग द्या आणि एकेक अक्षर स्वतः लावू द्या. असं नाणं तुमच्या बजेटमध्ये आरामात बसेल. चांदीच हवी असेल तर तिसऱ्या गॉर्डियनचं अँटोनिनियानस बघा. सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असतो. हे नाणं काराकालाने इ.स. २१५ मध्ये सुरू केलं आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यातली चांदी नावापुरती उरली. गॉर्डियनच्या काळात ती अजून बऱ्यापैकी होती.

विक्रेता जुना आणि नावाजलेला निवडा, जो नाणं खरं असल्याची मुदतीशिवाय हमी देतो आणि खोटं निघालं तर पैसे परत करतो. लिलावातून घेताना हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, खरेदीदाराचं कमिशन लागतं, साधारण वीस टक्के किंवा त्याहून जास्त. ते धरूनच बोली ठरवा. युरोपातून मागवलंत तर ब्रिटनमध्ये संग्राह्य नाण्यांवर आयात व्हॅट ५ टक्के लागतो. कुरिअरवाले कधीकधी पूर्ण दराने लावतात, म्हणून पार्सलवर 'संग्राह्य नाणं' अशी नोंद विक्रेत्याकडून करून घ्या.

घेण्याआधी नाणं ओळखायची सवय लावा. रोमन साम्राज्यासाठी 'ओक्रे' हा खुला डेटाबेस आहे, प्रजासत्ताकाच्या काळासाठी 'क्रो', आणि अलेक्झांडरच्या नाण्यांसाठी 'पेला'. तिन्ही फुकट आहेत. पूर्वीच्या लिलावांचे फोटो आणि भाव बघायला 'एसीसर्च' उपयोगी. इंग्लंड-वेल्समध्ये सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या साइटवर तुमच्या रेडिंगच्या आसपास काय काय सापडलंय ते शोधून बघा, लेक तासभर उठणार नाही.

भिंगवाला

फोटोंचं मी सांगतो. तुमच्या दोन्ही अडचणी कॅमेऱ्याच्या नाहीत, उजेडाच्या आणि एक्स्पोजरच्या आहेत. ऑटोवर कॅमेरा चौकटीतल्या सगळ्याची सरासरी काढतो. काळ्या कापडावर चांदी ठेवली की तो फोटो उजळवतो आणि चांदी पांढरी पडते. पांढऱ्या कागदावर काळपट ब्राँझ ठेवलं की उलट. मॅन्युअलवर या. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, आणि शटर बदलत हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा. अ‍ॅपर्चर याहून फार बारीक केलंत तर इतक्या जवळून चित्र उलट मऊ पडतं.

किट लेन्सने नाणं चौकटीत लहानच येतं. क्रॉप सेन्सरला जुना, सेकंडहँड ६० मिमी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, पुरे. नवा ऑटोफोकस लागत नाही, कारण फोकस हातानेच करायचा आहे. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून सम्राटाच्या डोळ्यावर फोकस लावा. कॅमेरा अगदी सरळ खाली बघणारा हवा. त्यासाठी नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यात येईपर्यंत स्टँड हलवा. दोन सेकंदांचा टायमर लावला की हात लागून हलायचा प्रश्न मिटतो.

आता उजेड. नाणं घड्याळाची तबकडी समजा. मुख्य दिवा बाराच्या आसपास, म्हणजे चेहऱ्याच्या वरच्या बाजूला, थोडा डावीकडे झुकलेला. उजेड खालून, म्हणजे सहाच्या बाजूने आला तर डोळा फसतो आणि उठाव खड्ड्यासारखा दिसायला लागतो. दुसरा मंद दिवा दोनच्या जागी. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर लावा, चांदीवरचे पांढरे भगभगीत ठिपके लगेच निवतात. काळपट ब्राँझला याच्या उलट वागवायचं: ट्रेसिंग पेपर काढा, दिवा खाली आणा, उजेड पृष्ठभागावरून घासत जाऊ द्या. झिजलेली अक्षरंसुद्धा वर येतात. एलईडी घेताना सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त बघा, नाहीतर पॅटिनाचा, म्हणजे जुन्या धातूवर चढलेल्या थराचा, हिरवा-तपकिरी रंग कधीच खरा येणार नाही. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र करू नका. ग्रे कार्डचा (फोटोसाठीच्या करड्या कार्डाचा) एक फोटो घेऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा.

नाणं थेट कापडावर ठेवू नका. बुचाच्या छोट्या तुकड्यावर उचलून ठेवा, तुकडा नाण्यापेक्षा अरुंद हवा. पार्श्वभूमी दोन-तीन सेंटीमीटर खाली गेली की सावली चौकटीतून बाहेर जाते आणि कडा स्वच्छ येते.

चांदीच्या जुन्या नाण्यावरची निळसर-सोनेरी झाक टिपायची असेल तर काचेची पद्धत करून बघा. लेन्स आणि नाणं यांच्या मधे फोटोफ्रेमची पातळ काच ४५ अंशांत धरायची, दिवा बाजूने काचेवर सोडायचा. काच तो उजेड सरळ खाली नाण्यावर टाकते आणि कॅमेरा तिच्यातूनच बघतो. दिव्याचा उजेड नाण्यावर थेट पडू नये म्हणून मधे काळा पुठ्ठा, आणि काचेच्या पलीकडे आणखी एक. रंग अप्रतिम येतात. मात्र ग्रीक नाण्यांचा उठाव यात थोडा सपाट वाटतो, म्हणून मी दोन्ही प्रकारे काढतो.

सातासमुद्रा

भिंगवाल्यांशी सहमत, पण नवशिक्याला एवढी जुळवाजुळव लगेच नको. फोनही चालतो. फक्त मॅक्रो मोड बंद ठेवा. तो वाइड लेन्स वापरतो, त्यामुळे फोन नाण्याला जवळजवळ टेकतो आणि स्वतःचीच सावली पाडतो. दीड-दोन वीत अंतरावरून टेली किंवा २एक्सवर काढा आणि क्रॉप करा. उजेडाचे नियम तेच.

नाशिककर

सांगलीला नाणं नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेशिवाय कोणालाही ते देशाबाहेर नेता येत नाही. सोबत आणलेलं नाणं परत नेताना विमानतळावर अडचण उभी राहील. आजोबांसाठी मोठ्ठे प्रिंट काढून न्या, म्हाताऱ्या डोळ्यांना तेच बरं.

आणि सांगलीहून जमलं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, ते लेकीला दाखवा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या मूळ नाण्यावर चेहऱ्याभोवती ग्रीक लिपीतला लेख आहे! रोमन नाण्यांचंही आपल्याकडे तसंच नातं. सम्राट ऑगस्टसची गायस-ल्युशियस या नातवांवाली आणि टायबेरियसची बसलेल्या स्त्रीवाली चांदीची दिनार नाणी दक्षिण भारतातल्या साठ्यांत भरपूर सापडतात. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईच्या साठ्यातल्या सोन्याच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. ती आता ब्रिटिश म्युझियमकडे आहेत, तुम्हाला जवळच.

रेडिंगकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ढीग रद्द. नाणं इंग्लंडमध्येच राहील. लंडनच्या टांकसाळीचं ऐकून लेक नाचतेच आहे. दोन शंका आहेत. घुबडाच्या नाण्याबद्दल कोणी लिहिलंच नाही. आणि एका विक्रेत्याकडचं ब्राँझ आवडलंय, पण कडेला पोपटी पूड दिसतेय. चिंच किंवा लिंबाने जाईल का?

टांकसाळ

चिंच, लिंबू, रांगोळी, काहीही लावू नका! देवाची भांडी घासतो तसं प्राचीन नाणं घासलं की पॅटिना जाते आणि ती परत येत नाही. तुम्ही सांगताय ती पोपटी, भुरभुरीत पूड म्हणजे बहुधा ब्राँझचा रोग. आतलं क्लोराइड ओलाव्याने पुन्हा पुन्हा जागं होतं आणि धातू खात जातं. गडद हिरवा, घट्ट, गुळगुळीत थर वेगळा, तो चांगला. पूड नखाने टोकरली की पडते. असं नाणं घेऊच नका. जे घ्याल ते कोरड्या डबीत सिलिका जेल घालून ठेवा, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात अजिबात नको. त्यातलं रसायन सुटून नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. हातात घेताना कायम कडेने, आणि खाली मऊ टॉवेल अंथरून.

घुबडाचं नाणं म्हणजे अथेन्सचं टेट्राड्रॅक्म, चार ड्रॅक्मचं नाणं. अथेन्सजवळच्या लाव्हरिओनच्या खाणींतली चांदी, वजन १७.२ ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना. चेहरा बाजूने, पण डोळा समोरून बघितल्यासारखा बदामी. मागे घुबड, ऑलिव्हची डहाळी, छोटी चंद्रकोर आणि अल्फा-थीटा-एप्सिलॉन ही तीन अक्षरं. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ती प्रचंड प्रमाणात पाडली गेली, म्हणून आजही मिळतात. पण प्रचंड प्रमाणातच खोटीही बनतात.

आतापासून शिकायचं ते हे. नाण्याचा गोळा दर वेळी थोडा वेगळा, ठसा दर वेळी थोडा सरकलेला, म्हणून बऱ्याच घुबडांत अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा नाण्याबाहेर गेलेला दिसतो. एकाच ठशाची दोन खरी नाणी असू शकतात, पण त्यांची कडेची चीर, सरकलेला मध्य आणि झीज या तिन्ही गोष्टी सारख्या असूच शकत नाहीत. तशी दोन नाणी फोटोंत दिसली तर किमान एक तरी साच्यात ओतलेलं. कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, घुबडाच्या पिसांच्या रेघा बोथट आणि वजन अर्धा-पाऊण ग्रॅम कमी, यांतलं काहीही दिसलं तरी सोडून द्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा स्वस्तात मिळतो, तो लंडनच्या पहिल्या नाण्यासोबतच घ्या. खोल छिन्नीचा घाव दिसला तर मात्र घाबरू नका. आत चांदीच आहे ना हे बघायला त्या काळच्या व्यापाऱ्यांनीच तो मारलेला असतो, आणि अशी नाणी स्वस्त मिळतात.

घुबडापर्यंत मधली पायरी हवी असेल तर मिनँडरचं, आपल्या मिलिंद राजाचं, चांदीचं छोटं ड्रॅक्म बघा. अडीच ग्रॅमच्या आतलं. एका बाजूला ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. मात्र जुन्या संग्रहातलं, कागदपत्रं असलेलंच घ्या. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून चोरटी खणून आणलेली नाणी बाजारात फार फिरतात.

नाशिककर

एक राहिलं. लेक शेतात मेटल डिटेक्टर फिरवायचा हट्ट धरणारच. आधी जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या. सिल्चेस्टरसारख्या संरक्षित जागी तर परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे एकाच जागी ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी सापडली, किंवा ब्राँझची दहा, तर १४ दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. एकटंदुकटं नाणं सापडलं तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा, ते नोंद करतात आणि बहुतेक वेळा नाणं परत मिळतं.

भिंगवाला

आणि प्रत्येक नाण्याचा फोटो काढल्यावर त्याच फाइलच्या नावात वजन, व्यास, विक्रेता आणि तारीख लिहा. दोन्ही बाजू सरळ उभ्या करून शेजारी शेजारी लावा, पण मूळ नाण्यात मागची बाजू किती फिरलेली आहे तेही घड्याळाच्या तासांत नोंदवा. पावती स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये. लंडनचं नाणं आलं की फोटो इथेच टाका, उजेड कुठे कमी पडतोय ते बघून सांगतो.